पिकअपला इलेक्ट्रिक फॅन बसवताना: डिझेल कुठं वाचतं, कुठं वाचत नाही

साताऱ्याहून कराडकडे सत्तरच्या वेगानं, बेताच्या लोडवर चाललेल्या पिकअपच्या रेडिएटरला पंख्याची गरज जवळजवळ नसते. पुढून येणारा वारा पुरेसा असतो. तरीही बेल्टवरचा पंखा इंजिनाबरोबर फिरत राहतो आणि त्याला फिरवायचं डिझेल टाकीतूनच जातं. इलेक्ट्रिक फॅनचा सगळा फायदा एवढाच, की गरज नसताना तो बंद असतो. चालू असताना तो स्वस्त मुळीच नाही. इंजिनानं अल्टरनेटर फिरवायचा, त्यानं वीज करायची, विजेनं मोटर फिरवायची, आणि या प्रत्येक टप्प्यावर थोडी ताकद वाया जाते. म्हणून या कामात पंख्याच्या ब्रँडपेक्षा तो कधी चालू होतो आणि कधी बंद होतो याला जास्त महत्त्व आहे. सातारा-सांगली पट्ट्यात हे काम करून घेणारे बरेच जण नेमकं इथंच कमी पडतात. फॅन चांगला आणतात, स्विच मात्र मिळेल तो लावतात, आणि मग फॅन दिवसभर चालू राहतो.

आधी थोडा हिशोब. पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी ताकद दुप्पट नाही, आठपट होते. इंजिनाच्या मिनिटाला २,००० फेऱ्यांना जो पंखा एक किलोवॉट खातो, तोच थेट जोडलेला असेल तर ४,००० फेऱ्यांना आठ किलोवॉट मागेल. भरलेल्या पिकअपला सपाट रस्त्यावर सत्तरचा वेग राखायला साधारण १५ ते २० किलोवॉट लागतात. त्यातला एक किलोवॉट पंख्यानं खाल्ला तर पाच-सहा टक्के तिथंच गेले. इलेक्ट्रिक फॅन २० अँपिअर ओढत असेल तर १४ व्होल्टला २८० वॉट झाले. अल्टरनेटर आणि बेल्टमधली घट धरली तर इंजिनावर साधारण ५०० वॉटचा भार. पण हायवेवर तो तासातली पाच-दहा मिनिटंच चालला, तर सरासरी भार ४० ते ८० वॉटच राहतो. फायदा येतो तो या फरकातून.

तुमच्या गाडीत कोणता पंखा आहे, ते आधी बघा

बॉनेट उघडा. रेडिएटरच्या मागे मोटर आणि वायर दिसली तर फॅन आधीच इलेक्ट्रिक आहे. मग हा खर्च करायचं कारण नाही. फक्त स्विच आणि रिले (छोट्या करंटवर फॅनचा मोठा करंट चालू-बंद करणारी डबी) ठीक आहेत का ते तपासा. पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर थेट बोल्टनं बसवलेला असेल तर तो फिक्स फॅन. जुन्या गाड्यांत असा दिसतो. सगळ्यात जास्त डिझेल तोच खातो.

पंखा आणि पुली यांच्यामध्ये बारीक पाती असलेली जाड गोल डबी असेल तर तो व्हिस्कस क्लच. या डबीत सिलिकॉनचं तेल असतं आणि पुढच्या तोंडाला दोन धातूंची गुंडाळलेली पट्टी असते. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की पट्टी वळते, आतली झडप उघडते, तेल पुढं येतं आणि पंखा पुलीबरोबर जोरात फिरायला लागतो. हवा गार झाली की पकड सुटते आणि पंखा मागं राहून हळू फिरतो. म्हणजे गरज नसताना पंख्यानं थांबायचं हे काम व्हिस्कस क्लच बऱ्याच अंशी आधीच करतो. तो ठणठणीत असेल तर इलेक्ट्रिक फॅनमुळं पडणारा फरक फार छोटा असतो.

त्याची तपासणी सोपी आहे. रात्रभर उभ्या गाडीचं इंजिन सुरू न करता, चावी काढून, पंखा हातानं फिरवा. थोडा जड लागेल, पण फिरेल. मग गाडी चांगली तापवून आणा, इंजिन बंद करा, चावी खिशात टाका, हातमोजा घालून पुन्हा फिरवा. आता तो आधीपेक्षा जास्त जड लागला पाहिजे. गरम असताना बोटाच्या धक्क्यानं गरगर फिरला तर आतलं तेल संपलेलं आहे आणि घाटात गाडी तापणार. गार असतानाही पुलीला चिकटल्यासारखा जाम असेल तर क्लच अडकलाय आणि तुमचा पंखा दिवसभर फिक्स फॅनसारखा डिझेल खातोय. सकाळी गाडी सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटं पंख्याचा घुमणारा आवाज येणं नेहमीचंच आहे. पुढचे पन्नास किलोमीटर तोच आवाज येत राहिला तर मात्र क्लच गेला समजा.

जाम क्लचवर नवा क्लच हा सर्वांत सरळ उपाय आहे. वायरिंग नाही, भोकं पाडणं नाही. मला कोणी विचारलं तर घाटात रोज चढणाऱ्या गाडीला मी हेच सांगतो.

पैसे वसूल होतात का

महिन्याला ३,००० किलोमीटर आणि १२ चं ॲव्हरेज धरलं तर २५० लिटर डिझेल लागतं. फिक्स फॅन किंवा जाम क्लच काढून, मुख्यतः हायवेवर चालणाऱ्या गाडीला पाच टक्के फरक पडला, तर ॲव्हरेज १२.६ होईल आणि महिन्याला १२ लिटर वाचेल. डिझेल ९० रुपये धरलं तर १,०८० रुपये. फॅन, काउल (फॅनभोवतीचं हवा वळवणारं झाकण), स्विच, वायरिंग, मजुरी असा सगळा खर्च १२ हजार धरला तर अकरा महिन्यांत तो निघतो. हीच गाडी चांगल्या व्हिस्कस क्लचची असेल आणि फरक दीड टक्क्याचा पडला, तर महिन्याला पावणेचार लिटरच वाचतील. तोच खर्च निघायला तीन वर्षं लागतील. स्वतःचे आकडे घालून हा हिशोब कागदावर मांडा, मगच दुकानात जा.

काही गाड्यांना हे काम करूच नये. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्यात साठलेली काजळी जाळताना एक्झॉस्ट बराच तापतो, आणि काही गाड्यांत पंखा कधी फिरवायचा हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटरच ठरवतो. तिथं मध्येच स्वतःचा स्विच घालणं धोक्याचं आहे. वॉरंटी चालू असेल तर तीही हातची जाईल. वाई-पाचगणी-महाबळेश्वर एवढाच रोजचा फेरा असलेल्या गाडीचा वेळ चढणीवर आणि कमी वेगात जातो. तिथं फॅन बराच वेळ चालूच राहणार, मग वाचणार काय? सांगली, मिरज, तासगाव, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर) अशा सपाट मुलखात आणि हायवेवर फिरणाऱ्या, जुन्या फिक्स फॅनच्या गाडीला मात्र हे काम शोभतं.

फॅनच्या आधी पाणी

बेल्टवरचा दांडगा पंखा रेडिएटरचे बरेच दोष झाकतो. तो काढला की ते सगळे उघडे पडतात. त्यामुळं ही पायरी गाळायची नाही.

रेडिएटरची जाळी बाहेरून धुवा. ऊसतोडणीच्या हंगामात शेतात जाणाऱ्या गाड्यांच्या जाळीत पाचटाचा चुरा आणि धूळ यांचा थर बसतो. समोरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते. एसीचा कंडेन्सर किंवा इंटरकूलर पुढे असेल तर कचरा दोघांच्या मधल्या फटीत अडकलेला असतो. मागून बल्ब धरून पुढून बघा, उजेड आरपार येत नसेल त्या जागी हवाही जात नाही. पाणी इंजिनाच्या बाजूनं पुढं, कमी दाबानं मारा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळून मारला तर पातळ पत्र्या आडव्या होतात आणि जाळी कायमची बंद होते.

आतलं पाणी बदला. बोअरच्या पाण्यानं रेडिएटरच्या नळ्यांत क्षार धरतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला. रेडिएटरच्या टोपणाचं रबर आणि स्प्रिंगही बघा. टोपण दाब धरून ठेवतं म्हणून पाणी शंभराच्या पुढं जाऊनही उकळत नाही. टोपण सैल आणि आत साधं पाणी असेल, तर साडेतेराशे मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात ते ९५-९६ अंशांनाच उकळायला लागतं. तुमचा फॅन ९५ ला चालू होणार असेल तर फॅन सुरू होईपर्यंत पाणी उकळलेलं असेल. इंजिन गरम असताना टोपणाला हात लावायचा नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं न सोडणारी झडप, जागेवर आहे ना, याची खात्री करा. ‘काढून टाका, गाडी कधी तापणार नाही’ असा सल्ला आपल्याकडं सर्रास मिळतो आणि कितीतरी गाड्या त्याशिवाय फिरतात. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन हिवाळ्यात तासभर चालूनही पुरेसं तापत नाही. गार इंजिनात घर्षण जास्त, डिझेल जळणं अपुरं, ॲव्हरेज कमी. एका हातानं इलेक्ट्रिक फॅन लावून वाचवलेलं डिझेल दुसऱ्या हातानं असं घालवू नका. साधारण ८२ अंशांना उघडायला लागणारा थर्मोस्टॅट बऱ्याच डिझेल गाड्यांत असतो. तुमच्या गाडीचा आकडा थर्मोस्टॅटवरच कोरलेला सापडेल. तो लिहून ठेवा, पुढं लागणार आहे.

आणि काम सुरू करण्याआधी ॲव्हरेज मोजा. टाकी फुल्ल करायची, नोझल आपोआप बंद झाला की थांबायचं, त्यावर एक थेंबही भरायचा नाही. नेहमीच्या रस्त्यावर नेहमीच्या लोडनं निदान चार-पाचशे किलोमीटर चालवून त्याच पंपावर, त्याच नोझलला पुन्हा फुल्ल करायची. असं दोन-तीनदा करा आणि दर वेळी टायरची हवा सारखी ठेवा. हवा पाच-सहा पीएसआयनं इकडंतिकडं झाली तरी पंख्याचा फरक नीट कळत नाही.

काय काय घ्यायचं

फॅनच्या खोक्यावर छापलेला हवेचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, पुढं रेडिएटर नसताना मोजलेला. त्याकडं बघू नका. मोटर किती अँपिअर ओढते ते बघा. सात-आठ अँपिअरचा बारा इंची फॅन दिसायला कितीही देखणा असला तरी तो एसीच्या मदतीचा फॅन आहे, भरलेल्या डिझेल पिकअपचा मुख्य फॅन नाही. एकटा फॅन असेल तर तो १८ ते २५ अँपिअरच्या घरातला हवा. नाहीतर बारा-बारा इंची दोन. दोन फॅनचा एक मोठा फायदा असा, की एक बंद पडला तरी दुसऱ्यावर गाडी घरी येते.

जुन्या बाजारातून कंपनीच्या कारचा फॅन काउलसकट मिळाला तर तो नव्या स्वस्त फॅनपेक्षा बरा. मोटर दणकट असते आणि काउल नीट आखलेलं असतं. दुकानातच बॅटरीला लावून क्लॅम्प मीटरनं (वायरीभोवती चिमटा धरून मोजायचा मीटर) अँपिअर बघा आणि दोन-तीन मिनिटं चालू ठेवून बेअरिंगचा आवाज ऐका. सांगलीकडं खरेदी करताना एक गोष्ट जास्तीची बघा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात बुडालेल्या गाड्यांचे सुटे भाग बाजारात फिरलेले आहेत. मोटरच्या मागच्या झाकणाच्या कडेला बारीक वाळलेला गाळ दिसला किंवा कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या असतील, तर कितीही स्वस्त असला तरी तो फॅन घेऊ नका.

फॅन रेडिएटरच्या मागं बसून हवा ओढणारा असावा. पुढं बसवून ढकलणारा फॅन चालतो, पण बंद असताना तोच समोरच्या वाऱ्याला आडवा येतो.

बाकी सामान: फॅनमागे एक ४० अँपिअरचा रिले, फ्यूजसकट होल्डर, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, टेंपरेचर स्विच, डॅशबोर्डवर एक साधा स्विच आणि फॅन चालू असल्याचा छोटा दिवा. वीस अँपिअरच्या फॅनला दीड चौरस मिलिमीटरची वायर लावली आणि जाऊन-येऊन चार मीटर लांबी झाली, तर जवळजवळ एक व्होल्ट वायरीतच जिरतो. फॅन मंद फिरतो, वायर तापते. जाड वायरीचे जास्तीचे दोनशे-तीनशे रुपये वाचवण्याची ही जागा नाही.

अल्टरनेटर किती अँपिअरचा आहे ते त्याच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. पण तो आकडा चढ्या फेऱ्यांचा. आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन संथ चालू असताना, जेमतेम त्याच्या निम्मे अँपिअर मिळतात. पावसाळ्यात रात्री घाटात ट्रॅफिकमध्ये अडकलात असं समजा: हेडलाइट दहा, वायपर पाच, ब्लोअर सात-आठ, फॅन वीस, वर इंडिकेटर आणि टेप. सगळं मिळून ४५ च्या आसपास गेलं. ५० अँपिअरच्या जुन्या अल्टरनेटरला हे आयडलवर झेपत नाही, बॅटरी खाली येते. तपासायला सोपं: बॅटरीला मल्टिमीटर लावा, आयडलवर हे सगळं चालू करा. १३ व्होल्टच्या खाली सरकत गेलं तर आधी अल्टरनेटर, मग फॅन.

जुना पंखा काढणं

बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी सोडवा. काउल सैल करा, पंख्याचे बोल्ट काढा. व्हिस्कस क्लच मोठ्या नटानं वॉटर पंपाच्या दांड्यावर बसलेला असेल तर तो नट कुठल्या दिशेनं सुटतो हे त्या गाडीचं काम करणाऱ्या मेकॅनिकला विचारून घ्या, कारण काही गाड्यांत तो उलट्या आट्यांचा असतो आणि जोर चुकीच्या बाजूनं लावला तर पंपाचा दांडा वाकतो.

आता एक बारीक गोष्ट, जिच्यामुळं वॉटर पंप गेलेले आहेत. फिक्स फॅनच्या गाड्यांत पंखा आणि पुली बऱ्याचदा एकाच चार बोल्टांनी धरलेले असतात. पंखा काढला की मधली जाडी कमी होते. तेच लांब बोल्ट परत आवळले तर ते तळाला टेकतात. हाताला घट्ट लागतात, पण पुली मात्र सैलच राहते. काही दिवसांत पुली डुलायला लागते, बेल्ट उडतो, आणि त्याच बेल्टवर वॉटर पंप असतो. म्हणून पंख्याच्या बुडाच्या जाडीइतकी चकती मध्ये घाला किंवा तेवढे आखूड, त्याच दर्जाचे बोल्ट घ्या. आवळून झाल्यावर पुली दोन्ही हातांनी हलवून बघा.

काढलेला व्हिस्कस क्लच आडवा टाकून ठेवू नका. गाडीत होता तसाच उभा ठेवा, नाहीतर आतलं तेल गळतं. पंखा, काउल, बोल्ट सगळं एका खोक्यात घालून घरी ठेवा. गाडी विकताना किंवा हा बेत जमला नाही तर ते लागेल.

फॅन आणि काउल बसवणं

कारागिरी दिसते ती इथं. बाजारात फॅनबरोबर प्लॅस्टिकच्या लांब टाय मिळतात, त्या रेडिएटरच्या जाळीतून आरपार ओवायच्या आणि फॅन जाळीवरच टांगायचा. अर्ध्या तासात काम होतं आणि काही महिन्यांत रेडिएटर गळायला लागतो. आपल्या रस्त्यांवर गाडी हादरली की दोन-तीन किलोचा फॅन नळ्यांवर घासतो. फॅनचं वजन रेडिएटरच्या बाजूच्या पट्ट्यांवर किंवा गाडीच्या फ्रेमवरच आलं पाहिजे, मध्ये रबराचे बुश घालून.

दीड मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं काउल करून घ्या. ते रेडिएटरची पूर्ण जाळी झाकेल इतकं हवं. पत्रा जाळीला टेकवू नका. मध्ये तीन-चार सेंटिमीटर पोकळी ठेवा, म्हणजे फॅन कोपऱ्यांतूनही हवा ओढेल. पत्रा जाळीला चिकटवला तर फॅनसमोरचा गोल भाग तेवढा गार होतो, चारही कोपरे वाया जातात. कडेनं दरवाजाचं रबर किंवा फोमची पट्टी लावून फट बंद करा. हवेची गोष्ट पाटाच्या पाण्यासारखी आहे, बांधाला एक फट राहिली की सगळं तिकडूनच जातं.

पण पूर्ण बंद काउलचा एक तोटा आहे. हायवेवर फॅन बंद असताना समोरचा वारा त्या पत्र्याला अडतो. म्हणून काउलच्या मोकळ्या भागात दोन-तीन आयताकृती खिडक्या कापा आणि मागच्या बाजूनं पातळ रबराचे पडदे वरच्या कडेला रिव्हेट करा. वेगात वारा पडदे उचलून निघून जातो. फॅन चालू झाला की ओढीनं पडदे खिडक्यांना चिकटतात आणि हवा जाळीतूनच येते. ट्यूबचं जुनं रबर यासाठी चांगलं, फक्त ते इतकं जाड नको की वाऱ्यानं उचलणार नाही.

मोटरचा मागचा भाग आणि वॉटर पंपाची पुली यांत निदान अडीच सेंटिमीटर अंतर हवं. उभ्या गाडीत एक सेंटिमीटर पुरेसा वाटतो, पण फर्स्ट गिअरमध्ये क्लच सोडताना इंजिन माउंटिंगवर पुढं-मागं हलतं.

वायरिंग आणि स्विचचा आकडा

बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वायर निघाली की पंधरा-वीस सेंटिमीटरच्या आत फ्यूज. फॅन वीस अँपिअरचा असेल तर फ्यूज तीसचा. दोन फॅन असतील तर दोन फ्यूज, दोन रिले. फ्यूजमधून वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७ मधून फॅनच्या पॉझिटिव्हला. ८६ ला चावी चालू केल्यावर येणारी लाइन, ८५ टेंपरेचर स्विचमधून अर्थला. डॅशबोर्डवरचा साधा स्विचही ८५ ला अर्थ देईल असा समांतर जोडा, म्हणजे टेंपरेचर स्विच दगावला तरी ड्रायव्हर फॅन हातानं चालू करू शकतो. ८६ च्या लाइनवर आणखी एक बंद करायचा स्विच टाका. ओढ्याला पाणी असताना फॅन थांबवता आला पाहिजे, कारण पाण्यात फिरणारी पाती वाकून रेडिएटरला लागतात. पाण्यातून बाहेर आल्यावर तो परत चालू करायची सवय मात्र लावून घ्या.

फॅनची अर्थ वायर चेसीवर रंग खरवडून, नाहीतर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला द्या. दाबून बसवलेली सॉकेट घ्या, पिळून टेप गुंडाळलेला जोड चालणार नाही. गाडीला लागलेल्या बऱ्याच आगी अशाच जोडांतून सुरू होतात.

टेंपरेचर स्विचचा आकडा थर्मोस्टॅटवरून ठरतो. थर्मोस्टॅट ८२ ला उघडायला लागतो आणि पूर्ण उघडायला साधारण ९५ लागतात. फॅन ८५ ला चालू आणि ८० ला बंद असा स्विच लावला, तर थर्मोस्टॅट पाणी ८० च्या खाली जाऊच देणार नाही आणि फॅन कधी थांबणारच नाही. सुरुवातीला म्हटलं तो दिवसभर चालणारा फॅन हाच. स्विच इंजिनाकडून येणाऱ्या वरच्या पाइपात असेल तर ९५ ला चालू, ९० ला बंद हे जोडपं बरं. रेडिएटरच्या खालच्या टाकीत असेल तर पाणी तिथं गार होऊन आलेलं असतं, म्हणून आकडा त्याहून खाली हवा.

वरच्या रबरी पाइपात मधे घालायचा ॲल्युमिनियमचा जोड मिळतो, त्यात स्विच बसतो. स्विच एका पिनेचा असेल तर त्याला अर्थ अंगातून मिळायला हवी, आणि हा जोड दोन्हीकडून रबरात असल्यानं ती मिळतच नाही. गाडी उकळते, फॅन मात्र गप्प, आणि लोक फॅन बदलत बसतात. जोडाच्या अंगाला स्क्रूनं एक अर्थ वायर लावली की झालं.

एसीच्या गाडीत कंप्रेसर चालू झाला की फॅनही चालू झाला पाहिजे, नाहीतर उभ्या गाडीत गॅसचा दाब वाढतो. कंप्रेसरच्या क्लचच्या वायरीवरून वेगळा रिले चालवा. हे काम एसीवाल्याकडूनच करून घ्या.

सगळं जोडून झालं की फॅन चालू करून ग्रिलसमोर कागद धरा. कागद आत ओढला गेला पाहिजे. बाहेर उडाला तर वायरी उलट्या लागल्या आहेत आणि तो फॅन हायवेवर समोरच्या वाऱ्याशी भांडणार.

चाचणी, आधी रिकामी

गाडी दारात आयडलवर ठेवा. डिझेल इंजिन आयडलवर फार कमी तापतं, त्यामुळं फेऱ्या पंधराशेवर धरा. काटा नेहमीच्या जागेच्या किंचित वर गेला की फॅन चालू होईल, आणि काही मिनिटांत बंद व्हायला हवा. बंदच होत नसेल तर स्विचचा आकडा खाली आहे, फॅन कमी पडतोय किंवा काउल गळतंय.

मग सपाट रस्ता, सातारा ते कराड. इथं दिवा जवळपास सगळा वेळ विझलेला दिसला पाहिजे. तो लागलेलाच राहिला तर डिझेल वाचण्याची आशा सोडा आणि आधी कारण शोधा.

त्यानंतर घाट. पुण्याहून येताना खंबाटकीची चढण आधी रिकाम्या गाडीनं, मग अर्ध्या लोडनं, मग पूर्ण. शेवटची परीक्षा वाईचा पसरणी घाट, तोही एप्रिल-मेच्या दुपारी. साधारण बारा किलोमीटरात साडेपाचशे मीटरहून जास्त चढ, सेकंड-थर्ड गिअर, पंचवीस-तीसचा वेग, आणि वारा पाठीमागून असेल तर ग्रिलमध्ये हवाच येत नाही. चढण लागण्याआधीच हातानं फॅन चालू करायची सवय लावा. पाणी तापल्यावर गार करण्यापेक्षा ते तापू न देणं सोपं असतं. काटा चढतच राहिला तर गिअर उतरवा, एसी बंद करा. तरीही थांबला नाही तर बाजूला घ्या आणि इंजिन लगेच बंद करू नका. पाणी पुरेसं असेल तर फॅन चालू ठेवून आयडलवर काटा खाली येऊ द्या, टर्बोलाही ते बरं. वाफ येत असेल किंवा पाइप फुटला असेल तर मात्र तिथंच बंद करायचं.

पूर्ण लोडवर पसरणी घाट जमला नाही तर मोठा फॅन किंवा जुना पंखा, दोनच पर्याय. ‘हळू चालवू, भागेल’ म्हणत तशीच गाडी भाड्याला लावू नका. एकदा हेड गॅस्केट गेलं तर त्या बिलात कित्येक वर्षांचं वाचवलेलं डिझेल जातं.

यानंतर त्याच रस्त्यावर, त्याच लोडनं, त्याच पंपावर पुन्हा दोन-तीनदा ॲव्हरेज काढा आणि आधीच्या कागदाशेजारी लिहा. मे महिन्यातला आकडा डिसेंबरच्या आकड्याशी जुळवू नका.

महिन्याभरानं फॅन दहा मिनिटं चालवून फ्यूज होल्डर, रिले आणि कनेक्टर हातानं चाचपा. कोमट ठीक आहे. बोट ठेववत नसेल तर तो जोड ढिला किंवा वायर बारीक. पावसाळ्याआधी मोटरचा आवाज ऐका आणि जाळी पुन्हा उजेडात बघा. गाडी ड्रायव्हर चालवत असेल तर दिव्याचा अर्थ आणि दोन्ही स्विच त्याला गाडीजवळ उभं करून दाखवा. एक जादा रिले आणि तीस अँपिअरचे दोन फ्यूज गाडीतच ठेवा, आणि ते बदलायचे कसे हे त्याच्याकडून एकदा दारातच करून घ्या.